सासूचे स्वभावचित्र

"गणित बुडालं तर बुडू दे, इंग्रजीचं देव बघून घेईल. पन मराठी? मराठीत सत्तर मार्क! एक कमी नाय!"

हेदवलीच्या विहिरीवर चार बायकांसमोर शकूने हे जाहीर केलं, तेव्हा परीक्षेला अकरा दिवस उरले होते. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साल. गावात बालवाडी निघणार होती, तिथे एक बाई लागणार होती आणि ती दहावी पास हवी होती. शकू नववीतून उठून थेट बोहल्यावर चढलेली. नवरा विठू खोपोलीच्या एका कारखान्यात कामाला. त्यानेच सतरा नंबरचा फॉर्म भरून आणला, पुस्तकं आणली आणि आईची परवानगी काढण्याचं काम मात्र बायकोवर सोडून तो पाळीला निघून गेला!

सासू सोनूबाई. हडकुळी, ताठ, आवाज असा की शेताच्या एका बांधावरून हाक मारली तर तिसऱ्या गावचे बैल थांबावेत. तिने परवानगी एका वाक्यात दिली होती. "शीक बाय, पन वालाच्या शेंगा काय पुस्तक तोडनार नाय." शकूने शेंगा तोडल्या, भाताचा वाफा भाजायच्या राबासाठी पालापाचोळा वाहिला, भाकऱ्या थापल्या आणि उरलेल्या वेळात अभ्यास केला. आठवड्यातून तीन दुपारी ती कर्जतला अनसूयाबाई कर्णिकांच्या ओसरीवर शिकवणीला जायची. बाहेरून परीक्षेला बसणाऱ्या सात-आठ बायामुलींना बाई फुकट शिकवत.

अनसूयाबाईंचा सगळा भर एका गोष्टीवर होता. "स्वभावचित्र, मुलींनो! हमखास येणारा प्रश्न. नुसतं 'प्रेमळ आहे, कष्टाळू आहे' लिहू नका. पाठातला माणूस पुस्तकात कोंडून ठेवायचा नाही. डोळे मिटा, तो समोर उभा करा. कसा बसतो, कसा बोलतो, हात कसे हलवतो, ते पाहा आणि मग लिहा."

अकरावा धडा होता 'किल्ली'. त्यातली भागीरथीबाई नावाची सासू, चिमा नावाची सून. बाईंनी घरी लिहायला दिलं, 'सासूचे स्वभावचित्र'. शकूने चुलीपाशी बसून डोळे मिटले. सासू अशी काही झटकन समोर उभी राहिली की शकूची पेन्सिल थांबेचना! दीड पान एका दमात झालं. वर ठळक अक्षरात मथळा घातला, खाली दोन रेघा ओढल्या, आणि वही ताकाच्या मडक्यामागे ठेवली. दुसऱ्या दिवशी निघायच्या गडबडीत ती वही न घेताच कर्जतला गेली.

ती गेल्यावर घरात काय घडलं, ते तिला पुढे तीन दिवसांनी कळलं. पण आपण आत्ताच सांगून टाकू.

साजगावला दिलेली नणंद, जना, चार दिवस माहेरपणाला आली होती. ताक प्यावं म्हणून तिने मडकं सरकवलं, तर मागून वही निघाली. जना चौथी पास. सापडेल ते मोठ्याने वाचायची तिला सवय होती. मसाल्याच्या पुडीचा कागदही ती बोट ठेवून, अक्षर अक्षर लावून संपवायची.

"सा-सू-चे स्वभाव-चित्र!" जना ओरडली. "आये, तुजं चित्र काढलंय वयनीनं!"

"बगू," सोनूबाई म्हणाली. "नाक बराबर आलंय का?"

"शब्दाचं चित्र हाय गं. ऐक. 'सासू ही अत्यंत चिकट, संशयी व कजाग बाई आहे.'"

सोनूबाईचं मशेरीचं बोट दातावरच थांबलं.

"'सकाळी मशेरी लावत ती ओटीवर बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याची नजरेनेच झडती घेते. कमरेची किल्ली ती झोपेतही चाचपते. तांदूळ मोजताना मापावर हात फिरवून वरचे दाणे ती परत कणगीत ढकलते. सुनेच्या हातचे काहीही तिला अळणीच लागते.'"

"फुडं," सोनूबाई म्हणाली. आवाज इतका बारीक की जनालाच भीती वाटली.

जनाने पान उलटलं आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. "'सासूचा शेवट लेखकाने अतिशय परिणामकारक केला आहे. तिला काही कळायच्या आत सारे घडून जाते. असा शेवट पाहून वाचकाला समाधान मिळते.'"

"माजा शेवट?"

"तुजाच की! वर लिवलंय ना, सासूचा!"

"कोन करनार?"

"लेखक."

"ह्यो लेखक कुन्या गावचा?"

"त्ये नाय लिवलं," जना म्हणाली. "त्ये कशाला लिवतीन, आये? पकडला जाईल ना!"

सोनूबाई चिडली की अख्ख्या गावाला ऐकू जायचं. त्या दिवशी ती चिडली नाही. तिने वही घेतली, कणगीत तांदळाच्या खाली खुपसली, हात झटकले आणि ओटीवर जाऊन बसली. जना म्हणते, आई अशी गप्प बसलेली तिने त्याआधी एकदाच पाहिली होती, बाप गेला तेव्हा.

शकू संध्याकाळी परतली, तर वही जागेवर नाही! तिला वाटलं, जाताना पिशवीत घातली असावी आणि वाटेत पडली. जेवायला वाढलं, तर सोनूबाईने भाकरीचा पहिला तुकडा मोडून ओटीखालच्या वाघ्या कुत्र्यापुढे टाकला. वाघ्याने तो गिळला. सोनूबाई त्याच्याकडे टक लावून बघत राहिली.

"आत्याबाय, जेवा ना. सुकट गार व्हतीय."

"भूक नाय."

दुसऱ्या दिवशी तेच. वाघ्याला भाकरी, वाघ्याला आमटी, वाघ्याला सुकटीचा तुकडा! वाघ्याला हे स्वप्न आहे की काय, असंच वाटत असावं. तो शकूच्या पायांत घुटमळू लागला. आणि जनाने तीन दगडांची वेगळी चूल मांडून आईपुरता भात शिजवायला घेतला. काय चुकलं? कुठे चुकलं? विचारावं, तर नणंद तोंड फिरवायची आणि सासू नुसती बघायची. पुस्तक उघडलं की अक्षरं मुंग्यांसारखी पळायची.

तिसऱ्या दिवशी अंगणात वाल सोलायला दोघी समोरासमोर बसल्या. बराच वेळ नुसता शेंगांचा आवाज. मग सोनूबाई एकदम म्हणाली, "शके, ह्यो लेखक म्हंजी कोन गं?"

शकूला इतका आनंद झाला, काय सांगू! सासू अभ्यासाचं विचारतेय! म्हणजे राग निवळला!

"लय मोठा मानूस हाय, आत्याबाय."

"ऱ्हातो कुटं?"

"पुन्याला आसंल."

"तू भेटलीस त्याला?"

"भेटायला कशाला लागतंय? त्यांनी काय काय करून ठेवलंय, त्ये मला पाठ हाय. आता बुधवारी निस्तं उतरवायचं!"

"बुधवारी?"

"बुधवारी अकरा वाजता. तीन तासांत समदं उरकायचं."

सोनूबाईच्या हातातली शेंग चुरगळली. तिने शेवटचा प्रश्न विचारला. "आनि विठूला ह्ये ठावं हाय?"

"अवो, त्यांनीच तर पुस्तक आनून दिलं! रोज इचारतात, झाली का तयारी म्हनून!"

सोनूबाई उठली. उठताना वालाचं सूप कलंडलं, दाणे अंगणभर झाले आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिने ते वेचले नाहीत. पोटचा पोरगासुद्धा सामील! तिने पदर खोचला, शेजारच्या गावी जाऊन सख्ख्या भावाला, भिवाजी पोलीस पाटलाला गाठलं, आणि त्याच्यामार्फत खालापूरकडे शकूच्या बापाला, चांगोला, निरोप धाडला. निरोप असा होता : "पोरीचं कळलं. रविवारी या."

या चार शब्दांनी बिचाऱ्या चांगोने काय समजावं? त्याला वाटलं, पोरगी गेली, नाहीतर पोटुशी तरी राहिली! एसटीत बसून तो अर्धा रस्ता रडत आणि अर्धा रस्ता हसत आला. काहीही असो म्हणून बरोबर एक मोठं कलिंगड घेतलं होतं.

रविवारी जेवणं व्हायच्या आधीच ओटीवर सभा भरली. मधे भिवाजी मामा, नाकावर चष्मा. एका बाजूला सोनूबाई आणि जना. दुसऱ्या बाजूला चांगो, मांडीवर कलिंगड घेऊन. विठू दाराला टेकून उभा. रजेच्या दिवशी आपल्याला कशात गुंतवलंय, ते त्याला अजून उमगलं नव्हतं. आणि खांबाशी शकू.

"चांगो," भिवाजी मामा म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नको. पोरीला तू घेऊन जा. परीक्षा बंद. घरातली मानसं जित्ती ऱ्हायला पायजेत, मंग शिक्षान."

"परीक्षा बंद?" शकूचा आवाज फुटला. "बुधवारी पेपर हाय मामा! मी केलं काय?"

"काय केलं? जने, वाच!"

सोनूबाईने कणगीत हात घालून वही काढली. वहीतून तांदूळ सांडले. जनाने खाकरून वाचायला घेतलं. 'चिकट, संशयी व कजाग' आलं तसा चांगोने कपाळाला हात लावला. 'सासूचा शेवट' आला तसं विठूने बायकोकडे असं पाहिलं, की जणू ही बाई त्याने पहिल्यांदाच पाहिली!

आणि शकू हसली.

तिला आवरेना. तीन दिवसांचा जीवघेणा घोर, वाघ्याच्या भाकऱ्या, वेगळी चूल, सगळं एकदम उलगडलं आणि ती तोंडावर पदर धरून हसत सुटली.

"बगा! बगा, हसतीय!" जना किंचाळली. "मामा, लिवून घ्या!"

"अवं वन्सं, ह्यो धडा हाय! पुस्तकातला! सासू पुस्तकातली हाय, शेवट गोष्टीचा हाय! थांबा, दाखवते!"

ती धावत आत गेली, पुस्तक आणलं, अकरावा धडा काढला आणि मामापुढे धरला. आता वाचाच म्हणावं! मामाने चष्मा पुसला. आयुष्यभर पंचनामे वाचलेला माणूस. धडाही तो तसाच वाचू लागला. "सदरहू... नाय, सदरहू नाय... 'भागीरथीबाई कमरेला किल्ली लावून घरात फिरत असे.'"

"किल्ली हाय!" विठू ओरडला. त्याच्या जिवात जीव आला.

शकू विजयी मुद्रेने सगळ्यांकडे बघत होती. मामा दुसऱ्या परिच्छेदावर गेला. तिसऱ्यावर गेला. आणि मग शकूच्या अंगातून जणू कोणी हवाच काढून घेतली.

मशेरी! धड्यात मशेरी नव्हती!

मापावर हात फिरवणं नव्हतं. ओटीवर बसणं नव्हतं. अळणी तर नव्हतंच नव्हतं! भागीरथीबाईला धड्यात धड चेहराही नव्हता. त्या दिवशी चुलीपाशी डोळे मिटल्यावर आपल्यासमोर कोण उभं राहिलं होतं, ते शकूला आत्ता, या भर सभेत, पहिल्यांदा कळलं. पुस्तक हिसकावून घ्यावं तर आपणच आणून दिलेलं! मामा तर एकेक शब्द जोखून वाचत होता.

गोष्ट तशी लहान होती. दुष्काळाचं साल. घरात गुळाची एक ढेप, डब्यात कुलूपबंद. किल्ली वीस वर्षं भागीरथीबाईच्या कमरेला. चिमा पोटुशी, तिला गुळाचे डोहाळे लागतात, पण मागायची हिंमत नाही. एका दुपारी सासू देवळात जाते आणि किल्ली खुंटीवर विसरते. चिमा डबा उघडते, गुळाचा खडा खाते, किल्ली परत ठेवते. संध्याकाळी सासू डबा उघडते, आत बघते आणि म्हणते, "उंदीर फार झालेत घरात." किल्ली पुन्हा कमरेला जाते. संपली गोष्ट.

वाचता वाचता मामाचा पंचनाम्याचा सूर केव्हाच गळाला होता. चिमा डबा उघडते तिथे तर चांगोने श्वास रोखून धरला होता. मामाने पुस्तक मिटलं.

"मामा," जना म्हणाली, "त्यात मशेरी आली का?"

"नाय."

"मापावर हात फिरवायचं?"

मामाने पानं चाळली. "नाय."

"अळनी?"

"नाय."

"दुसऱ्या धड्यात आसंल," विठू क्षीण आवाजात म्हणाला.

सगळ्यांच्या माना शकूकडे वळल्या. बापाने कलिंगड मांडीवरून खाली ठेवलं. आता खोटं बोलायला जागाच नव्हती.

"बाई म्हनल्या, डोळे मिटून मानूस समोर आना," शकू जमिनीकडे बघत म्हणाली. "मी डोळे मिटलं... तर आत्याबाय, तुमीच आलात. मी काय मुद्दाम नाय बलावलं."

संपलं. बालवाडी गेली, बुधवार गेला. आता फक्त पेटी भरायची. शकूला हुंदका आला. भिवाजी मामाने घसा खाकरला, निकाल सांगायला तोंड उघडलं—

"गप बसा समदी," सोनूबाई म्हणाली. "भिवा, त्ये खुंटीचं परत वाच."

"आं?"

"खुंटीचं. किल्लीचं."

मामाने बोटाने ओळ शोधली. "'त्या दिवशी भागीरथीबाई किल्ली खुंटीवर विसरून देवळात गेली.'"

"आनि त्याच्या आदी? कमरंला किती वर्सं?"

"वीस."

"वीस वर्सं हालली नाय," सोनूबाई म्हणाली, "आनि घरात पोर पोटुशी, गुळावर तिचा जीव गेलेला, तवाच नेमकी खुंटीवर ऱ्हाती व्हय रं? भिवा, तू पोलीस पाटील का कोन? इसरली नाय ती. ठेवली!"

मामाने ओळीवर पुन्हा बोट ठेवलं.

"पन हितं 'विसरून' लिवलंय," मामा म्हणाला.

"लिवनाऱ्याला काय ठावं? तिनं सांगितलं व्हय त्याला? ती कोनालाच सांगनार नाय. आनि संध्याकाळी डबा उघडून बगितला की नाय? उंदीर म्हनली. कुलूप लावलेला पत्र्याचा डबा, त्यात उंदीर किल्ली लावून गेला का?"

"बराबर हाय!" चांगो न राहवून ओरडला. मग आपण कोणत्या बाजूचे, ते आठवून गप्प झाला. जरा वेळाने त्याने भीत भीत विचारलं, "पन मंग इहीनबाय, सरळ हातात का नाय दिला गूळ?"

"हातात कसा देनार?" सोनूबाई त्याच्यावर उसळली. "वीस वर्सं समद्यांवर वराडली, आता एकदम गोड कसं बोलायचं? तोंडाला वळन नको?"

शकूने मान वर केली. वर्षभर हा धडा ती घोकत होती. 'सासू शेवटी फसते, म्हणून वाचकाला समाधान मिळते,' हे तिने बाईंच्या तोंडून ऐकलं होतं, मार्गदर्शकात वाचलं होतं, वहीत लिहिलं होतं. खुंटीकडे मात्र कोणीच नीट पाहिलं नव्हतं.

"आनि मशेरीचं काय, आये?" जना अजून आशेवर होती.

"लावते मशेरी. दाने बी ढकलते परत, म्हनून चैतापत्तुर तांदूळ पुरतोय. ह्या घरात खोटं लिवलेलं मला चालनार नाय, खरं लिवलेलं चालंल." मग ती शकूकडे वळली. "पन एक खोटं हाय तुजं. तुज्या हातचं मला अळनी लागतं म्हनं."

"चुकलं, आत्याबाय."

"लागत नाय. अळनीच आसतं! काप त्ये कलिंगड."

कलिंगड कापलं. सोनूबाईने पहिली फोड घेतली आणि स्वतःच्या तोंडात घातली. वाघ्या ओटीखाली शेपूट हलवत बसला होता. त्याचे चांगले दिवस संपले, हे त्याला बराच वेळ समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी शकूने कर्जतला जाऊन हे सगळं अनसूयाबाईंना सांगितलं. बाईंनी पुस्तक उघडून धडा पुन्हा वाचला. मग त्यांनी मार्गदर्शक बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "मुलींनो, वह्या काढा. उत्तर खोडा. 'सासूच्या कठोरपणाआड मूक माया दडली आहे', असं सुरू करा." सात-आठ पेन्सिली सोनूबाईचं म्हणणं उतरवून घेऊ लागल्या!

बुधवारी अकरा वाजता कर्जतच्या परीक्षा केंद्रात शकूच्या हातात पेपर पडला. घाम पुसत तिने शोधलं. तिसरा प्रश्न, आठ गुण. 'किल्ली' पाठच होता! ती आनंदाने किंचाळणारच होती. मग तिने पूर्ण ओळ वाचली.

'किल्ली' या पाठाच्या आधारे चिमाचे स्वभावचित्र रेखाटा.

चिमाचे! सुनेचे! इतके दिवस अख्खं खानदान सासूवर कोर्ट भरवून बसलं होतं. त्या पोरीकडे कोणीच बघितलं नव्हतं. शकूने घाबरून डोळे मिटले. आत कोणी म्हणजे कोणी आलं नाही. पर्यवेक्षक घड्याळाकडे बघत फेऱ्या मारत होते. शेवटी सुचेल ते लिहून तिने बाकीचा पेपर ओढत नेला.

घरी पोचली तर सोनूबाई ओटीच्या कडेला येऊन उभीच!

"मी आले का पेपरात?"

"नाय, आत्याबाय. चिमा आली."

"ती कशाला आली? तिनं काय केलंय?" सोनूबाईचा चेहरा पडला. मग सावरून म्हणाली, "बरं. मंग तू काय लिवलंस तिचं?"

"लिवलं... सालस हाय, सोशिक हाय, कष्टाळू हाय. उलट बोलत नाय."

"आनि गूळ चोरून खाल्ला त्ये?"

शकू पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागली.

"त्ये नाय लिवलं?"

"नाय."

"बगा! सासूचं लिवायचं तर दाने मोजून लिवायचं, आनि सुनंचं आलं की झाकन!"

जूनमध्ये निकाल लागला. गणितात अठ्ठावन्न, इंग्रजीत सत्तेचाळीस, मराठीत पस्तीस. काठावर, पण पास! विठूने पेढे आणले. शकू मात्र कोपऱ्यात तोंड लपवून बसली होती. सोनूबाईने आकडा विचारून घेतला, पेढा तोंडात टाकला आणि म्हणाली, "पस्तीस? लय दिलं गं त्यानं!"